तीस दिवसांची नोटीस आणि एका चीफची सही

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या चॉक्टॉ आदिवासींच्या ग्रीन मॅककर्टन नावाच्या चीफवर लेख होता, ओक्लाहोमा राज्य झालं तेव्हाचा हा चीफ, आणि लेखाच्या शेवटी एक वाक्य होतं की याने सह्या ठोकल्या आणि जमात विकून मोकळा झाला. ते वाक्य मला दोन दिवस टोचत राहिलं. मी इतिहासाचा प्रोफेसर वगैरे कोणी नाही, तलाठी होतो, एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी दिंडोरी, पेठ आणि सुरगाण्यात गेली, मंडळ अधिकारी म्हणून रिटायर झालो आणि आता पंचवटीत असतो. पण सही हा माझा विषय आहे. कोणाची सही कशावर लागते, ती नसली तर काय अडतं आणि काय अजिबात अडत नाही, हे मला तुमच्या लेखकापेक्षा जरा जास्त कळतं असं आगाऊपणाने म्हणतो. पत्र लांबणार आहे, बायको म्हणतेच आहे की छापणार नाहीत, बघा तुम्ही.

आता मला हे चॉक्टॉ कुठून माहीत, तर मुलगा डॅलसकडे असतो, त्याच्याकडे सहा महिने राहून आलोय. तिथे म्हाताऱ्या माणसाने करायचं काय, मॉलमध्ये बसून बसून पाठ धरली, मग एका शनिवारी त्याने गाडीत घातलं आणि वर ओक्लाहोमात टस्काहोमाला नेलं, तीनेक तासांचा रस्ता. चॉक्टॉंची ही जुनी राजधानी. लाल विटांची इमारत, १८८४ ची, आजूबाजूला झाडी आणि गवत, आपल्याकडे इंग्रजांच्या काळातली मामलेदार कचेरी असते ना, मला तर बघताक्षणी तीच आठवली, फक्त बाहेर टायपिंगवाला आणि चहाची टपरी नव्हती. आत आता म्युझियम आहे. मी आपला समजत होतो की आदिवासी म्हणजे तंबू आणि डोक्याला पिसं, तसलं काही नाही हो, यांची लेखी घटना होती, दोन सभागृहं, कोर्ट, स्वतःचे पोलीस ज्यांना लाइटहॉर्स म्हणायचे, स्वतःच्या शाळा, खजिनदार, सगळा कारभार. मॅककर्टन त्यातच वाढला. आधी शेरीफ, मग कौन्सिलवर, मग सरकारी वकील, मग खजिनदार आणि १८९६ ला चीफ, म्हणजे दप्तराच्या सगळ्या पायऱ्या चढून आलेला माणूस. त्याचे दोन थोरले भाऊ जॅक्सन आणि एडमंड हेही त्याच्या आधी चीफ होऊन गेलेले, त्यामुळे घराणेशाहीचा आरोप करायचा तर खुशाल करा, आपल्याला काही ती नवीन नाही.

जन्म १८४८ चा, गाव स्कलीव्हिल. इस्कुली म्हणजे त्यांच्या भाषेत पैसा, सरकारी एजंट तिथे पैसे वाटायचा म्हणून ते नाव. याच गावात याच्या जन्माच्या आदल्या वर्षी चॉक्टॉंनी बसून आयर्लंडच्या दुष्काळासाठी १७० डॉलर वर्गणी काढली होती. स्वतः मिसिसिपीतून हाकलून लावल्याला पंधरा-सोळा वर्षं होतायत, वाटेत थंडीने आणि कॉलऱ्याने घरंच्या घरं बसलेली, आणि हे समुद्रापलीकडच्या माणसांसाठी पैसे गोळा करतायत. आयर्लंडवाले अजून विसरले नाहीत, कॉर्क परगण्यात २०१७ ला त्यांनी पिसांचं मोठं स्टीलचं शिल्प उभं केलंय. हे विषयांतर झालं, पण तुमच्या लेखात ते नव्हतं म्हणून सांगितलं.

मूळ मुद्दा असा की १८३० च्या तहात चॉक्टॉंनी मिसिसिपीतली जमीन सोडली आणि बदल्यात पश्चिमेची जमीन घेतली, आणि त्या तहात अमेरिकन सरकारने लिहून दिलं होतं की ही जमीन कधीही कुठल्या राज्यात किंवा टेरिटरीत, म्हणजे राज्य होण्याआधीच्या केंद्राखालच्या प्रदेशात, घेतली जाणार नाही. तोंडी नाही, लेखी. ७७ वर्षांनी, १६ नोव्हेंबर १९०७ ला, त्याच जमिनीचं राज्य झालं. आणि नाव काय तर ओक्लाहोमा, ओक्ला म्हणजे लोक, होमा म्हणजे लाल, भाषा चॉक्टॉ, सुचवणाराही चॉक्टॉच, ॲलन राइट, १८६६ च्या तहाच्या वेळी. घर गेलं, दारावरची पाटी मात्र आपल्याच अक्षरात राहिली, असला प्रकार.

या लोकांची जमीन सगळ्या जमातीची मिळून एक होती. सातबारा नाही, गट नंबर नाही, वारस नोंद नाही. जो चॉक्टॉ आहे त्याने मोकळी जमीन बघायची, कुंपण घालायचं, कसायची, कसतोय तोवर त्याची. घर विकता येईल, माती विकता येणार नाही. सुरगाण्याला असताना एक म्हातारी सांगायची की आज्याच्या काळात कोणी कुठे नांगर घालायचा ते गाव बसून ठरवायचं, तलाठी यायला लागला आणि भांडणं सुरू झाली. माझ्याच तोंडावर सांगायची. मी हसण्यावारी न्यायचो.

मग तिकडे कोळसा सापडला, १८७२ ला रेल्वे आली, मॅकॲलेस्टर, क्रेब्स, कोलगेट अशा खाणींच्या गावांना गर्दी झाली आणि परवाना काढून म्हणा, न काढता म्हणा, गोरे आत शिरत गेले. १९०० च्या जनगणनेत सगळ्या इंडियन टेरिटरीत, म्हणजे चॉक्टॉ आणि त्यांच्या शेजारच्या जमातींच्या मुलखात, ३ लाख ९२ हजार माणसं आणि त्यात आदिवासी ५२ हजारांच्या आसपास. घरात यजमान एक आणि पाहुणे सहा-साडेसहा! आणि पाहुण्यांना ना मत, ना मुलांना शाळा, ना घराखालच्या जागेचा कागद, त्यामुळे ते रोज वॉशिंग्टनला बोंब मारणार की हे राज्य करा, जमीन वाटा. १८९३ ला डॉझ कमिशन नेमलं गेलं, काम एकच, तिथल्या पाच जमातींना, म्हणजे चॉक्टॉ, चिकसॉ, क्रीक, चेरोकी आणि सेमिनोल यांना, वाटपाला राजी करणं. सुरुवातीला सगळ्यांनी हाकलून लावलं. मॅककर्टनसुद्धा तेव्हा वाटपाच्या विरोधातच होता, हे तुमच्या लेखकाने बरोबर लिहिलंय, पण पुढे लिहितो की चीफची खुर्ची दिसली आणि पलटी मारली. इथे मला बोलायचंय.

१८९५ ला अमेरिकन संसदेने त्या प्रदेशाच्या मोजणीला पैसे मंजूर केले आणि मोजणीदार आत शिरले. सहा मैल बाय सहा मैलाचे चौकोन, त्याला टाऊनशिप म्हणायचं, त्याचे छत्तीस तुकडे, एक तुकडा ६४० एकरचा. १८९६ ला कमिशनला अधिकार दिला की जमातीत कोण आणि कोण नाही ही यादी तुम्हीच करा. आता मला सांगा, मोजणी झाली, खातेदारांची यादी झाली, मग तिसरी गोष्ट काय उरते? कुठल्याही तलाठ्याला झोपेतून उठवून विचारा. वाटप होणार हे त्या वर्षी दगडावरची रेघ होतं. मॅककर्टनने ती रेघ वाचली, टस्काहोमा पार्टी काढली आणि उघडपणे सांगून निवडणूक लढवली की मी जाऊन बोलणी करणार आहे, वाटप आपल्या अटींवर होऊ दे. लोकांनी निवडून दिलं. लपूनछपून काही नव्हतं.

आणि अटी काय मिळवल्या ते बघा ना. २३ एप्रिल १८९७ ला अटोका गावी करार झाला, चॉक्टॉ आणि चिकसॉ दोघांचा मिळून. पुढच्या वर्षी अमेरिकन संसदेचा कर्टिस कायदा आला, त्यात हा करारच कलम म्हणून घातला आणि लोकांच्या मताला टाकला, २४ ऑगस्ट १८९८ ला मतदान, २,१६४ बाजूने आणि १,३६६ विरोधात. पहिली अट, कोळशाची आणि डांबराची जमीन वाटपातून बाहेर, ती सगळ्या जमातीची सामाईकच राहणार आणि तिची रॉयल्टी मुलांच्या शिक्षणाला. जवळजवळ साडेचार लाख एकर अशी बाजूला निघाली. मोठी गोष्ट आहे ही. ज्याच्या प्लॉटखाली कोळसा निघाला तो राजा आणि शेजारचा भिकारी, असं झालं नाही. दुसरी अट, जमातीचं सरकार ४ मार्च १८९८ पासून आठ वर्षं चालू राहणार. आठ वर्षं कमी नाहीत, साहेब. आमच्याकडे लोक पंधरा दिवसांच्या तारखेसाठी वकिलाला पैसे देतात.

मग १९०२ ला पुरवणी करार. माणशी ३२० एकर, पण नुसते एकर नव्हे, सरासरी प्रतीची ३२० एकर, म्हणजे जमिनीची प्रत लावायची, भारी काळीची कमी मिळणार आणि डोंगरउताराची जास्त. हे वाचून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, कारण आपल्याकडे वाटपात सगळ्यात जास्त डोकी याच्यावरच फुटतात, एकाला विहिरीकडचं आणि एकाला माळ. त्या ३२० मधली १६० एकर घरवाटणीची, ती २१ वर्षं विकता येणार नाही. उरलेली पण लगेच विकायची नाही, पाव हिस्सा एक वर्षाने, पाव तीन वर्षांनी आणि बाकी पाच वर्षांनी. आपल्याकडच्या महसूल कायद्यातल्या कलम ३६ आणि ३६अ ची ही चुलत भावंडंच म्हणा, आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय जाणार नाही हे आपलं १९६६ च्या कायद्यातलं, त्यांचं त्याआधी साठ-पासष्ट वर्षांचं.

त्याच साली निवडणुकीत टस्काहोमाला दोन्ही बाजूचे लोक बंदुका घेऊन त्या लाल इमारतीभोवती जमले होते, मॅककर्टनचे आणि थॉमस हंटरचे, सरकारचे मार्शल आणि सैनिक आले तेव्हा निवळलं. मॅककर्टन परत चीफ झाला. आपल्या ग्रामपंचायतीत सरपंचाच्या निवडीला दिसतं ते, बंदुका सोडून.

आता त्या सिक्वोयाचं. लेखात याला दोन ओळी आणि 'फसलेला प्रयोग' एवढंच. १९०५ ला मुस्कोगीला पाचही जमातींचं अधिवेशन भरलं, क्रीक चीफ प्लेझंट पोर्टर अध्यक्ष आणि मॅककर्टन उपाध्यक्षांपैकी एक. म्हणणं सरळ होतं, राज्य करायचंच आहे ना, मग आमचं वेगळं करा, नाव सिक्वोया, आम्हाला शेजारच्या, गोऱ्यांच्या ओक्लाहोमा टेरिटरीच्या शेपटाला बांधू नका. घटना लिहिली, नोव्हेंबरमध्ये मतदान घेतलं, ५६,२७९ बाजूने, ९,०७३ विरोधात. लक्षात घ्या, मतदारांमध्ये बहुसंख्य गोरे होते, म्हणजे पाहुण्यांनाही पटलं होतं! वॉशिंग्टनने ढुंकून पाहिलं नाही, १९०६ च्या जूनमध्ये दोन्ही टेरिटरी मिळून एकच राज्य असा कायदा झाला. पण फसलं म्हणून संपलं असं नाही, त्या अधिवेशनातले विल्यम मरे आणि चार्ल्स हॅस्केल हे दोघे गोरे पुढे नव्या राज्याच्या घटना समितीत पुढारी झाले, हॅस्केल पहिला गव्हर्नर, मरे पुढे १९३० च्या दशकात गव्हर्नर, आणि सिक्वोयाच्या घटनेतला बराच मजकूर ओक्लाहोमाच्या घटनेत गेला. आपल्या शेतातलं बियाणं दुसऱ्याच्या पाभरीतून पेरलं गेलं. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी नकाशावरच्या रेघेसाठी काय काय झालं ते आमच्या वडिलांकडून ऐकलंय, रेघ कोण ओढतो यावर सगळं असतं. आमच्या सुरगाण्यापलीकडचं डांग १९६० ला गुजरातेत गेलं आणि २०२२ ला सुरगाण्यातलीच काही गावं म्हणायला लागली की आम्हालाही गुजरातेत घ्या, रस्ते तरी होतील. पेपरात तुम्हीच छापलं होतं.

बरं, सहीवर येतो.

२६ एप्रिल १९०६ ला पाच जमातींसाठी एक कायदा झाला. आठ वर्षांची मुदत मार्चमध्ये संपत होती, या कायद्याने जमातीची सरकारं चालू ठेवली खरी पण कशी, तर सभा वर्षाला तीसच दिवस, ठरावाला राष्ट्राध्यक्षांची मंजुरी, आणि चीफला काढायचा-नेमायचा अधिकारही राष्ट्राध्यक्षांना. आणि त्यात सहावं कलम आहे, ते मुलाने मला कॉम्प्युटरवर काढून वाचून दाखवलं आणि मी त्याला म्हटलं थांब, परत वाच. जमिनीच्या पट्ट्यावर चीफची सही लागते. पण पट्टा तयार आहे असं कळवल्यावर तीस दिवसांत चीफ सांगितलेल्या जागी येऊन सही करत नसेल, तर वॉशिंग्टनचा अंतर्गत खात्याचा मंत्री, जमिनी आणि आदिवासी ज्याच्या खात्यात येतात तो, त्या सहीशिवायच कागद मंजूर करू शकतो. तीस दिवस! म्हणजे सही केली तरी जमीन वाटली जाणार, नाही केली तरी वाटली जाणार. मग विकली कोणी हो जमात?

पट्टाही बघितला, मुलाने एक जुना स्कॅन उघडला. वर मोठ्या अक्षरात चॉक्टॉ आणि चिकसॉ नेशन, मग खातेदाराचं नाव, यादीतला नंबर, सेक्शन, टाऊनशिप, रेंज, खाली दोन सह्या, चॉक्टॉंच्या चीफची आणि चिकसॉंच्या गव्हर्नरची, आणि त्याच्याही खाली वॉशिंग्टनची मंजुरी. चतुःसीमा नाही, पूर्वेस अमक्याचा बांध पश्चिमेस नाला, असलं काही नाही, नुसते आकडे. मला ती मॅककर्टनची सही बघून कसंतरीच झालं. यादीत रक्ताचे चॉक्टॉच एकोणीस हजारांच्या घरात होते, एकेकाला एकापेक्षा जास्त पट्टे. मी फेरफार नोंदीवर सह्या करून करून मार्चएंडला अंगठ्याजवळ गाठ यायची, तर या माणसाने किती केल्या असतील.

आता माझीच एक गोष्ट सांगतो, नावं गावं सांगत नाही. शहाऐंशी-सत्त्याऐंशीची असेल, दिंडोरीकडची. एक कोकणा आदिवासी म्हातारा आला, बरोबर जीपवाला एक इसम. भाडेपट्ट्याचा कागद, मुदत चांगली लांबलचक, परवानगीचं पत्र जोडलेलं, सगळं कागदोपत्री चोख. म्हाताऱ्याला अंगठा लावायचा होता. शाई उमटेना, बोट इतकं फाटलेलं, विळ्याच्या जुन्या आडव्या खुणा, जांभळी शाई त्या भेगांतच बसायची आणि कागदावर नुसता डाग. मग त्याने काय केलं, अंगठा डोक्याच्या केसांतून दोनदा घासला, तेलाचा हात लागला आणि ठसा आला. मला म्हणाला, "भाऊसाहेब, बरूबर हाय ना? जमीन माहीच राहील ना?" मी म्हटलं राहील बाबा, नावावर तुझ्याच राहील. आणि पेन्सिल नोंद, म्हणजे फेरफाराची कच्ची नोंद, धरली. पंधरा दिवसांची नोटीस, हरकत नाही, साहेबांनी प्रमाणित केली.

मी ती नोंद धरली नसती तर? मला कारणे दाखवा आली असती, मग पेठच्या टोकाला बदली, आणि जो कोणी नवीन सज्जावर, म्हणजे तलाठ्याच्या हद्दीवर, आला असता त्याने चहा संपायच्या आत धरली असती. हे मी स्वतःची सुटका करून घ्यायला सांगत नाही, त्या डागाचा रंग अजून डोळ्यांसमोर आहे. मी एवढंच केलं, इतर हक्काच्या रकान्यात ठळक लिहिलं की आदिवासी खातेदार, हस्तांतरास बंदी, कलमासकट, आणि म्हाताऱ्याला नक्कल काढून दिली, सांगितलं हा कागद पत्र्याच्या पेटीत ठेव, कोणाला देऊ नको. तिथे पुढे द्राक्षबाग उभी राहिली. बावीस-तेवीस वर्षांनी त्याचा नातू मला शोधत पंचवटीत आला, हातात तीच नक्कल, घडीवर फाटलेली, मागून सेलोटेप. तिच्यावरच त्याची केस उभी आहे, अजून चालू आहे, पण उभी आहे.

मॅककर्टनचं नेतृत्व मला याच रकान्यात दिसतं. सही टळत नाही हे कळल्यावर कागदावर जे जे लिहून घेता येईल ते त्याने लिहून घेतलं. लेखकाला तो घोड्यावर बसून लढलेला हवा होता बहुतेक. तसेही होते तिकडे, क्रीकांमध्ये चिट्टो हार्जो होता, त्याने वाटप मानायलाच नकार दिला, त्याच्याबद्दल मला आदरच आहे. पण त्याच्या लोकांच्या नावाने पट्टे निघाले ते निघालेच.

आता याचा अर्थ मॅककर्टन धुतल्या तांदळासारखा होता असं मी म्हणत नाही. चॉक्टॉंनी स्वतः काळे गुलाम ठेवले होते, त्या सुटलेल्या लोकांना वाटपात ४० एकर, आणि स्वतःला ३२०. ही गोष्ट तुमच्या लेखात एका ओळीनेही नव्हती आणि खरं तर टीका करायची तर इथे करायला हवी होती. दुसरं, याच्याच काळात खोटे दावेदार यादीतून काढायच्या केसेस चालवल्या म्हणून मॅन्सफील्ड, मॅकमरे आणि कॉर्निश या वकिलांना साडेसात लाख डॉलर फी गेली. साडेसात लाख, त्या काळात! केसेस जिंकल्या, हजारो दावे उडाले हे खरं, पण आकडा वाचून माझा घास अडकला.

आणि तिसरी चूक, हिला चूक म्हणावं का ते तुम्ही ठरवा, त्याने बंदीच्या कलमावर विश्वास ठेवला. २१ वर्षं विकता येणार नाही असं लिहिलंय ना, मग येणार नाही. राज्य झालं नोव्हेंबर १९०७ ला. गथ्रीला त्या दिवशी खोटंखोटं लग्न लावलं होतं, ओक्लाहोमा टेरिटरी म्हणजे नवरदेव आणि इंडियन टेरिटरी म्हणजे नवरी, हजारो लोक टाळ्या वाजवत होते. आणि नवरी घरात येऊन सात महिने पण झाले नाहीत तोच, २७ मे १९०८ ला, संसदेचा कायदा आला, ज्यांच्यात आदिवासी रक्त निम्म्याहून कमी त्यांच्या जमिनीवरची सगळी बंदी उठली, घरवाटणीसकट, आणि अज्ञान मुलांच्या जमिनी राज्याच्या कोर्टाकडे गेल्या. कोर्ट पालक नेमणार, पालक कोण तर गावातला वकील, सावकार, दुकानदार. पोरगं सज्ञान होईपर्यंत फीमध्येच जमीन संपायची. केट बर्नार्ड नावाची बाई त्या राज्यात धर्मादाय खात्याची निवडून आलेली कमिशनर होती, ती अनाथ पोरांच्या जमिनींसाठी भांडली तर तिच्या खात्याचा पैसाच बंद केला. पालक म्हणून दुसऱ्याच्या पोराच्या शेतात पीक घेणारे आपल्याकडे नाहीत असं समजू नका, अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालक कर्ता, ही तीन अक्षरं सातबारावर बघितली की मी आजही आधी पालकाचं आडनाव वाचतो.

पण जे सामाईक ठेवलं होतं ते टिकलं. कोळशाची जमीन कोणा एकाच्या नावावर नव्हती म्हणून कोणा एकाचा अंगठा घेऊन जाणार कशी? १९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकन सरकारला ती ८५ लाख डॉलर देऊन विकत घ्यावी लागली. स्वस्तात घेतली असं म्हणतात, असेल, पण जमातीशी बोलूनच घ्यावी लागली, आणि बोलायला जमात म्हणून कोणीतरी शिल्लक होतं.

ही शिल्लक राहण्याची गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. सुरगाण्याला असताना होळीच्या आधी दोन वर्षं आहव्याला डांग दरबार बघायला गेलोय. पाच भिल्ल राजे, फेटे, सजवलेल्या बग्ग्या, वाजंत्री, आणि सरकारी अधिकारी त्यांना तनखा देतो, इंग्रजांनी १८४२ ला जंगलाचे पट्टे लिहून घेतले त्या व्यवहाराचं ते शेपूट. एक राजा बग्गीतून उतरला तेव्हा त्याच्या पायात झिजलेली स्लीपर होती, माझ्यासमोर उतरला. लोक हसतात, तनखा एवढासा आणि थाट केवढा. मला हसू येत नाही. कारण त्या दिवसापुरतं तरी सरकारला मान्य करावं लागतं की जंगल कोणाकडून तरी घेतलेलं आहे. चॉक्टॉंचंही तसंच झालं, मॅककर्टननंतर १९११ ला राष्ट्राध्यक्षांनी व्हिक्टर लॉक नावाचा चीफ नेमला, आणि पुढे साठ वर्षं नेमलेलेच चीफ, कामं काय तर उरलेल्या कागदांवर सह्या. नावापुरतेच म्हणा. पण खुर्ची मोडीत काढली नव्हती, म्हणून १९७० ला कायदा बदलला आणि १९७१ ला चॉक्टॉंनी परत मत देऊन चीफ निवडला तेव्हा बसायला खुर्ची होती. आज दोन लाखांवर सभासद आहेत, ड्युरंटला मोठं ऑफिस आहे, दवाखाने आहेत. आणि २०२० ला सुप्रीम कोर्टाने क्रीक जमातीच्या मॅकगर्ट केसमध्ये सांगितलं की त्यांचं राखीव क्षेत्र संसदेने कधी रद्दच केलेलं नाही, दुसऱ्या वर्षी ओक्लाहोमाच्या कोर्टाने तेच चॉक्टॉंना लावलं. राज्य होऊन एकशे तेरा वर्षं झाल्यावर कोणीतरी फाइल उघडून बघितलं की रद्द करायची नोंद आहे कुठे? नोंदच नाही. मला तर टेबलावर हात आपटावासा वाटला.

२०१८ च्या मार्चमध्ये नाशिकच्या सीबीएस बसस्टँडपासून मुंबईच्या आझाद मैदानापर्यंत चालत गेलेल्या मोर्चात आमच्या सज्जातली कितीतरी माणसं होती, मी नाशिकच्या द्वारका चौकात उभा राहून बघत होतो, दोन-तिघांनी ओळखलं, "भाऊसाहेब, या की" म्हणाले. मागणी काय होती, तर कसतोय त्या जमिनीचा कागद द्या. बायकांच्या पिशवीत भाकरी आणि प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेल्या दंडाच्या जुन्या पावत्या, वनखात्याने अतिक्रमण म्हणून केलेल्या दंडाच्या, त्याच आता पुरावा म्हणून लागतात. अशा माणसांना कोणी म्हणू दे की सही करणारा तो विकणारा, मग मी सज्जावरची माझी सगळी रजिस्टरं काढून दाखवतो.

शेवटी एक दुरुस्ती, ती मात्र नक्की छापा. लेखात म्हटलंय की राज्य झालं त्याच वर्षी मॅककर्टन वारला. चुकीचं आहे. तो २७ डिसेंबर १९१० ला वारला, किंटा गावी, तिथलं त्याचं घर राष्ट्रीय नोंदीत आहे. राज्य झाल्यावर तीन वर्षं आणि एक महिना तो होता, चीफच होता, आणि पट्टे येतच होते.

आपला नम्र,
एक निवृत्त मंडळ अधिकारी
पंचवटी, नाशिक